विहिरीपाशी गेलेला वेळ

रेवणपेठेत आगीचा बंब आला तो १९२७ साली. त्याच्या आदल्या वर्षी पेठेतली सुताची दोन गोदामं आणि अकरा घरं एका दुपारी जळाली होती. गावाचा बंब त्या वेळी सोलापूरच्या दुसऱ्या टोकाला एका आगीवर गेलेला. तेव्हा पेठेतले लिंगायत सूतव्यापारी आणि तेलंगी विणकर पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसले, त्यांनी कमिटी केली आणि सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनातला जुना हातबंब आणला. चार चाकांचा गाडा, मधे पितळी पंप आणि त्याखाली पाण्याची टाकी, दोन्ही अंगांना लांब दांड्या. एकेका दांडीला चार माणसं. एक बाजू खाली गेली की दुसरी वर यायची आणि पाणी फेकलं जायचं. एक जाड नळी पाण्यात सोडायची, दुसरी आगीवर धरायची. दोन्ही नळ्या चामड्याच्या होत्या. गाडा ओढायला बैलजोडी.

कमिटीने निंगप्पाला जमादार नेमलं. तो गिरणीत बारा वर्षं बॉयलरवर होता, त्यामुळे आगीला तो भीत नसे आणि तिची टिंगलही करत नसे. वय पंचेचाळीस, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज मोठा. घंटा वाजली की शंभर म्हणायच्या आत गाडा छपरीतून बाहेर पडलाच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. दांड्यांवरची माणसं पेठेतलीच होती, कुणी विणकर, कुणी हमाल. घंटा ऐकली की हातातलं काम टाकून धावत येत. आगीवर नळी धरायची ती जोतीराम हमालाने. त्याच्या हातात ती वळवळत नसे.

आणि नळ्या सांभाळायच्या कोंडीबाने. कोंडीबा जातीने चांभार. दर सोमवारी सराव संपला की तो छपरीच्या बाहेर, उन्हात, नळ्या पसरून बसायचा. टाके तपासायचा, चरबी आणि तेल चोळायचा, सुकून तडकेल तिथे ओला फडका गुंडाळायचा. "जनावरागत हाय ही," तो म्हणायचा, "रोज हात फिरवला न्हाय की रुसती."

कमिटीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर एक नियम होता. आगीच्या वेळी पेठेतली कुठलीही विहीर बंबाला वापरता येईल. खाली सगळ्या विहीरवाल्यांच्या सह्या होत्या. नळी कशाची असते, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नव्हतं. पुढे पाच वर्षांत ते विचारायची वेळही आली नाही. ज्या आगी लागल्या त्या सरकारी हौदाच्या आसपास लागल्या, सरावही हौदावरच व्हायचा.

१९३२ च्या वैशाखात, दुपारी तीनच्या सुमाराला, मल्लय्या विणकराच्या घरी आग लागली.

त्या दिवशी गल्लीत पांजणी चालली होती. ताण्याचे लांब धागे रस्त्यात ताणून त्यांना खळ लावत होते आणि खळ शिजवायची चूल मल्लय्याच्या ओट्यालगत होती. वाऱ्याचा एक झोत आला, चुलीतली ठिणगी छपराच्या गवतावर गेली. मल्लय्या सूत आणायला बाजारात गेला होता. घरात त्याची बायको नरसव्वा, दोन मुली आणि डोळ्यांनी न दिसणारा म्हातारा बाप.

घंटा झाली. शंभराच्या आत गाडा निघाला. निंगप्पा बैलांच्या पुढे पळत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने एकदा बघून घेतलं. छप्पर एका बाजूने पेटलं होतं, दुसरी बाजू अजून शाबूत होती. पाणी लगेच मिळालं तर घर निम्मं वाचलं असतं.

"आत कोण हाय का?" तो ओरडला.

"समदी भायेर आल्यात!" गर्दीतून कुणीतरी सांगितलं. दोन्ही मुली रस्त्यात उभ्या होत्या हे त्यानेही पाहिलं.

सरकारी हौद तिथून दोन फर्लांगांवर. पण साठ पावलांवर विहीर होती, अक्कम्माची. तिचा नवरा शिवलिंगप्पा याने ती खोदवली होती. तो वारून तीन वर्षं झाली होती. पेठेतली लिंगायतांची पन्नास घरं त्या विहिरीवर पाणी भरत. निंगप्पाचं घरही त्यातलंच. त्याने गाडा विहिरीकडे वळवला, बैल सोडले आणि कोंडीबाला हाक मारली. कोंडीबा जाड नळी खांद्यावर घेऊन आला आणि कट्ट्यापासून दहा पावलांवर थांबला. त्याच्या पुढे त्याला कधीच जाता येत नव्हतं.

अक्कम्मा कट्ट्यावर उभी होती. सत्तरीची, वाळलेली बाई, डोक्यावर पांढरा पदर.

"निंगा, नळी कशाची हाय रं ती?"

"चामड्याची, अव्वा. पण स्वच्छ हाय. आग विझंस्तोवरच—"

"हितलं पाणी लिंगाला जातंय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "खाली दोन हात पाणी उरलंय. तू ते बी उपसणार आन वर चामडं घालून बाटवणार. उद्या ह्या पन्नास घरांनी काय प्यायचं? तूच सांग."

"अव्वा, मालकांची सही हाय पुस्तकात."

"त्यांची आसंल. मला कुणी विचारलं न्हाय."

जोतीराम जवळ आला. "जमादार, म्या सोडतो नळी. तुमी निस्तं व्हय म्हणा."

"थांब जरा," निंगप्पा म्हणाला.

तो तसाच उभा राहिला. अक्कम्माला बाजूला सारायला एक हात पुरला असता. पण याच बाईने त्याच्या लग्नात त्याच्या बायकोची, इरम्माची, ओटी भरली होती. त्याची आई गेली तेव्हा मठातल्या स्वामींना बोलावून घेतलं होतं ते तिनेच. आणि मागे पन्नास घरं होती. त्यांच्या दारातून बायका बघत होत्या. निंगप्पाने एकदा आगीकडे बघितलं, एकदा विहिरीत बघितलं. खाली पाणी काळं दिसत होतं, खूप खोल आणि थोडं. घरातली माणसं तर बाहेर आहेत, त्याने मनाशी म्हटलं. जळेल ते गवत आणि माग.

"बैल जुंपा," तो म्हणाला. "हौदावर चला."

अरुंद गल्लीत गाडा फिरवायलाच वेळ लागला. एक चाक गटाराच्या दगडात अडकलं, ते आठ जणांनी उचलून काढलं. हौदापासून घरापर्यंत नळी पुरण्यासारखी नव्हती, तेव्हा बादल्यांनी पंपाची टाकी भरली आणि भरलेला जड गाडा ओढत पुन्हा आणला. निंगप्पाने नंतर तो वेळ कितीदा तरी मोजला. एकूण वीस-बावीस मिनिटं. त्यातली विहिरीपाशी गेलेली तीनच असतील.

ते परत आले तेव्हा सगळं छप्पर पेटलं होतं आणि मुलींचं रडणं रस्ताभर ऐकू येत होतं. म्हातारा आत राहिला होता. नरसव्वाने मुलींना बाहेर आणलं आणि सासऱ्यासाठी ती पुन्हा आत गेली. ती कधी गेली ते गर्दीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गाडा विहिरीकडून वळत असताना ती आत गेली, असं मोठी मुलगी सांगत होती.

जोतीराम ओलं गोणपाट अंगावर घेऊन दोनदा आत शिरला. दुसऱ्या वेळी आढं खाली आलं आणि त्याला पायाला धरून मागे ओढावं लागलं. दांड्यांवरच्या माणसांनी टाकी संपेपर्यंत पंप मारला, मग परत हौद, परत टाकी. पाचच्या सुमाराला आग विझली. मागाच्या खड्ड्यात, विणकर पाय सोडून बसतो त्या जागी, दोघं सापडली. वर गवत कोसळत असताना नरसव्वाने म्हाताऱ्याला तिथे उतरवलं असावं. खड्डा ओलसर असतो, तिथे धग लागणार नाही असं तिला वाटलं असेल.

मल्लय्या आला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुताचा गठ्ठा तसाच होता. त्याने तो खाली ठेवला नाही. दुसऱ्या कुणीतरी तो उतरवून घेतला.

पोलिसांचा पंचनामा झाला, अपघाती आग म्हणून. तिसऱ्या दिवशी कमिटीची बैठक बसली. चिटणीस चन्नप्पा सुताचा व्यापारी होता आणि अक्कम्माचा पुतण्या लागत होता. माणूस वाईट नव्हता. बैठकीच्या आधी त्याने निंगप्पाला दुकानात एकट्याला बोलावलं.

"उशीर का झाला, असं विचारणार हायत विणकर. काय सांगणार तू?"

"झालं ते सांगणार."

"झालं ते सांगितलंस तर काय होईल, ठावं हाय?" चन्नप्पाने पंचा तोंडावरून फिरवला. "लिंगायतांनी पाणी दिलं न्हाय म्हणून आमची दोन माणसं जळाली, असं म्हणतील. आन खोटं बी न्हाय म्हणता येणार. मग कमिटी फुटली, पेठ फुटली. उद्या डोकी फुटतील. काकू म्हातारी हाय, ती गल्लीतनं चालू शकणार न्हाय. तिला काय ठावं आत माणूस हाय ते? तुला तरी ठावं हुतं का?"

"न्हाय."

"मग झालं की. मी लिहितो, पाण्यात सोडायची नळी फाटली हुती, म्हणून हौदावर जावं लागलं. कागदावर नळीचं नाव येऊ दे. नळीला काय, ती बोलत न्हाय."

निंगप्पाने कागद वाचला. तीन ओळी होत्या. त्याला ते पटलं असं नव्हतं. पण दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि हे सगळं कुठेतरी संपावं असं त्याला फार वाटत होतं. त्याने खाली कानडीत सही केली.

बैठकीत कागद वाचला गेला. मल्लय्या मागे भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या भाऊबंदांपैकी एक उठला आणि त्याने साधाच प्रश्न विचारला, "नळी सांभाळायचं काम कुणाचं?"

हा प्रश्न येईल हे ना चन्नप्पाच्या ध्यानात आलं होतं, ना निंगप्पाच्या. किंवा चन्नप्पाच्या आलं असेल. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. कोंडीबा बाहेर पायरीखाली उभा होता.

"कोंडीबाचं," कुणीतरी म्हणालं.

निंगप्पाने तोंड उघडलं. चन्नप्पा त्याच्याकडे बघत होता. निंगप्पाने तोंड मिटलं. कोंडीबाला कामावरून कमी करावं असं ठरलं, एकमताने. इतक्या दिवसांत लिंगायत आणि विणकरांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबा छपरीवर आला. त्याने दोन्ही नळ्या ओसरीच्या फरशीवर उलगडल्या, अगदी सरळ, टोकाला टोक लावून.

"मोजून घ्या जमादार. आन बघून बी घ्या. कुटं फाटलीया ते मला दावा."

"कोंडीबा..."

"न्हाय, दावा की. म्या बी तितंच हुतो. म्या नळी खांद्यावर घिऊन उभा हुतो, अव्वाचं बोलणं बी ऐकलं." त्याने नळीचं टोक उचलून निंगप्पापुढे धरलं. "मला काडलं त्येचं न्हाय वाटत. कुटं बी चार टाकं घालून पोट भरीन. पण चांभारवाड्यात आता म्हणत्यात, तुझ्या हातानं दोन माणसं मेली. माजी म्हातारी माझ्याकडं बघती आन काय बोलत न्हाय. नरसव्वाच्या पोरी मला वळकत्यात. त्यास्नी काय सांगू म्या?"

निंगप्पा खाली बसला. नळीवरून त्याने हात फिरवला. टाका न् टाका जागेवर होता, चरबीने मऊ.

"मी सांगतो," तो म्हणाला.

"कवा?"

त्याच दिवशी तो चन्नप्पाकडे गेला आणि कागद बदलून मागितला. चन्नप्पाने नकार दिला. सही तुझी आहे, आता बदललंस तर खोटारडा तू ठरशील, असं त्याने समजावून सांगितलं. निंगप्पा तिथून निघाला तो थेट मल्लय्याच्या जळक्या घरी गेला.

मल्लय्या राख बाजूला करून मागाचा खड्डा साफ करत होता. भिंती उभ्या होत्या, वर आभाळ. मुली शेजाऱ्यांकडे होत्या.

"मल्लय्या, नळी फाटली नव्हती," निंगप्पा उभ्यानेच बोलला. मग त्याने सगळं सांगितलं. विहीर, अक्कम्मा, पुस्तकातली सही, जोतीरामचं विचारणं, आपलं थांबणं. काही राखून ठेवलं नाही.

मल्लय्याने हातातलं राखेचं घमेलं खाली ठेवलं.

"तुम्ही वळलात तेव्हा ती रस्त्यात होती?" त्याने विचारलं. त्याचं मराठी हळू आणि नीट असे, प्रत्येक शब्द तोलून आल्यासारखं. "धाकटी म्हणते, गाडा विहिरीकडे गेला तेव्हा आई म्हणाली, आता पाणी येतंय. मग गाडा परत फिरला, तेव्हा ती आत गेली."

ती असं म्हणाली होती, हे निंगप्पाला माहीत नव्हतं. त्याने भिंतीचा आधार घेतला. हात काळा झाला.

"म्हणजे तिने वाट बघितली होती," मल्लय्या म्हणाला. "तुमची."

पुढच्या बैठकीत निंगप्पाने उभं राहून सगळं सांगितलं. आरडाओरडा झाला, चपला फेकल्या गेल्या, दोघा-तिघांची डोकीही फुटली. चन्नप्पा म्हणाला होता तसंच. मल्लय्या त्या बैठकीला आला नव्हता. पंधरा दिवसांनी तो दोन्ही मुलींना घेऊन तेलंगणात सासुरवाडीच्या गावी निघून गेला. विणकरांनी कमिटी सोडली, मग महिन्याभराने परत आले, कारण बंब एकच होता. निंगप्पाला काढून टाकलं. खोट्या कागदावर सही केली म्हणून, असं कारण लिहिलं, आणि ते खरंच होतं. जोतीराम जमादार झाला.

कोंडीबाला परत बोलावलं नाही. त्याला बोलवायचं तर आधीचा ठराव चुकला असं लिहावं लागणार होतं, आणि ते लिहायला कुणी तयार नव्हतं. तो बार्शीला एका जिनात मशिनच्या पट्ट्यांना टाके घालायच्या कामावर गेला. जाताना तो निंगप्पाला भेटला नाही.

निंगप्पाच्या घरी विहिरीचं पाणी बंद झालं. कुणी तसं सांगितलं नाही. इरम्मा घागर घेऊन गेली की कट्ट्यावरच्या बायका बोलायच्या थांबत आणि तिचा नंबर काही केल्या येत नसे. चार दिवसांनी ती सरकारी हौदावर जायला लागली.

"तुमी खरं बोललासा," एका संध्याकाळी घागर उतरवताना ती म्हणाली. "मी त्याला न्हाय म्हणत न्हाय. पण बोलायचं हुतं तर विहिरीपाशी बोलायचं. मागनं बोललासा, आन ओझं माझ्या डोईवर आलं."

श्रावणी सोमवारी मठात त्याला अक्कम्मा भेटली. ती खांबाला टेकून बसली होती, आधीपेक्षा निम्मी झालेली. तो वळून जाणार, तेवढ्यात तिने हाक मारली.

"निंगा, हितं ये. बस."

तो बसला.

"माझं नाव घेतलंस ते बरं केलंस. न्हायतर मीच घेतलं असतं कधीतरी." तिने थोडा वेळ दम घेतला. "मी आता जेवताना पाणी पीत न्हाय. घशाखाली उतरत न्हाय. पण एक विचारू? तू जमादार. पुस्तक तुझ्याकडं. आठ गडी तुझ्याकडं. मी एक म्हातारी बाई. मी न्हाय म्हणाले, म्हणून तू थांबलास?"

"व्हय, अव्वा."

"मला विचारलंसच कशाला रं? न विचारता नळी सोडली असतीस तर मी आरडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी विहीर शुद्ध करून घेतली असती. तेवढंच झालं असतं. तू विचारायला थांबलास, म्हणून मला न्हाय म्हणावं लागलं."

ती त्याच्यावर दोष ढकलत होती असं त्याला वाटलं नाही. ती नुसती हिशेब लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मांडणाऱ्या माणसासारखी बोलत होती. थोड्या वेळाने तिची सून तिला न्यायला आली. अक्कम्मा पुढच्या फाल्गुनात गेली. मातीला निंगप्पा गेला, मागे उभा राहिला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत परतला.

तो एका सुताच्या गोदामावर राखणीला लागला होता. दिवसभर दाराशी बसायचं काम. तिथल्या मालकाने त्याला पूर्वीचं काही विचारलं नाही.

अक्कम्मा गेली त्याच उन्हाळ्यात पेठेत तेलाच्या घाण्याला आग लागली. घंटा झाली ती निंगप्पाने ऐकली, पण तो जागचा हलला नाही. संध्याकाळी इरम्मा हौदावरून आली तेव्हा तिच्याकडून त्याला सगळं कळलं. जोतीरामने गाडा सरळ मठाच्या विहिरीवर नेला होता. कट्ट्यावर कोण आहे हे न बघता त्याने स्वतः नळी खाली सोडली. लोक ओरडले, एकाने त्याला ढकललंही. पण तोपर्यंत दांड्या सुरू झाल्या होत्या. घाण्याच्या भिंती काळ्या झाल्या, आत झोपलेला एक गडी खोकत बाहेर आला, बैल वाचले.

"आन विहीर?" निंगप्पाने विचारलं.

"स्वामी उद्या गोमूत्र शिंपडणार हायत म्हणं," इरम्मा म्हणाली. "पण बायका आत्ताच भरायला लागल्यात. मी येताना बघितलं. थांबून कोण राहतंय ह्या उन्हाळ्यात!"

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. निंगप्पाने भाकरीचा तुकडा मोडला, तो हातात धरून काही वेळ बसला आणि मग जेवायला लागला.